पालकसभेला कोण येत नाही, तिथून सुरुवात: कोल्हापूर जिल्ह्यातल्या सरकारी शाळांसाठी

पालकसभा झाली की आपण रजिस्टरवरच्या सह्या मोजतो. साठ सह्या झाल्या की सभा चांगली झाली असा शेरा पडतो. तेच रजिस्टर वर्गांच्या हजेरीपटाशेजारी ठेवा आणि वर्षभरात कोणत्या मुलांच्या घरून एकदाही कुणी आलेलं नाही ते शोधा. ती नावं सहसा विखुरलेली नसतात. एकाच वस्तीतली, एकाच कामाच्या पाळीतली किंवा घरात एकच भाषा बोलणाऱ्या कुटुंबांतली निघतात. शाळेला आपल्या समाजाशी नातं जोडायचं असेल तर काम या यादीपासून सुरू करावं लागतं. जे आले ते पुढच्या वेळीही येणारच आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यात ही यादी प्रत्येक शाळेची वेगळी असते. शहरातल्या पेठेतली शाळा, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीला लागून असलेली शाळा, इचलकरंजीतली यंत्रमाग कामगारांच्या मुलांची शाळा, हुपरीत चांदी कारागिरांची मुलं बसतात ती शाळा, शिरोळ किंवा गडहिंग्लजमध्ये घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांची शाळा आणि गगनबावड्याच्या डोंगरातला धनगरवाडा, या सगळ्यांना जिल्ह्यावरून निघालेलं एकच परिपत्रक पुरत नाही. म्हणून पुढे दिलेली पद्धत प्रत्येक शाळेने आपल्या गावाच्या मापाने वापरायची आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व जातींच्या मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूमही त्यांनी काढला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सक्तीची दिशा बदलली. मूल शाळेत येईल, टिकेल आणि शिकेल हे बघण्याची सक्ती आता शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे जिल्हा परिषदेवर आणि महापालिकेवर आहे. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणं ही कलम 9 प्रमाणे प्राधिकरणाची कर्तव्यं आहेत. तेव्हा "पालकच येत नाहीत, आम्ही काय करणार" हे उत्तर कायद्यातही बसत नाही.

वस्त्यांचा तक्ता

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एक मोठा चार्ट पेपर घ्या आणि पटावरची मुलं ज्या ज्या वस्तीतून येतात तिचा साधा नकाशा काढा. गावठाण, मळे, माळावरची वस्ती, कारखान्याच्या खोल्या, वीटभट्टी, वाडी. प्रत्येक वस्तीपुढे सहा गोष्टी लिहायच्या: तिथल्या मुलांचा पट, घरात बोलली जाणारी भाषा, आईवडिलांच्या कामाची वेळ, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, घरातला मोबाईल दिवसा कुणाकडे असतो, आणि त्या वस्तीत कुणाचा शब्द चालतो.

शेवटची नोंद सर्वात कामाची ठरते. शब्द चालणारा माणूस म्हणजे सरपंच किंवा नगरसेवकच असेल असं नाही. बऱ्याच वस्त्यांत ती आशाताई असते, अंगणवाडी सेविका असते, बचत गटाची अध्यक्षा असते, दूध संस्थेचा सचिव असतो, परगावच्या मजुरांत मुकादम किंवा खोल्यांचा मालक असतो. एका शिक्षकाने आणि अंगणवाडी सेविकेने मिळून हा तक्ता भरावा. दोन दिवस पुरतात, कारण निम्मी माहिती सेविकेच्या सर्वेक्षणाच्या वहीत आधीच असते.

तक्त्यावर जात लिहू नका. ती जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या कायमच्या नोंदवहीत आहेच. चार्ट पेपर कार्यालयात लागतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाचतो.

सभेची वेळ पालकांच्या घड्याळावर

सभा फसण्याचं सर्वात मोठं कारण वेळ हे आहे. शनिवारी सकाळी अकराची सभा शिक्षकांच्या सोयीची असते. त्या वेळी ज्यांचा रोज बुडतो ते येत नाहीत आणि मग त्यांना शिक्षणाची आस्था नाही असा शिक्का बसतो.

दुभती जनावरं असलेल्या गावांत दिवस दुधाभोवती फिरतो. सकाळी आणि संध्याकाळी धार काढणं, दूध संस्थेत घालणं, वैरण-पाणी यात बायकांचे तास अडकलेले असतात. अशा गावात रात्री साडेआठ ही वेळ लागू पडते. दिवसा घ्यायचीच असेल तर दुपारी दीड ते तीन. संस्थेत दूध घालायला दोन्ही वेळा माणसं येतात, म्हणून सभेची सूचना शाळेच्या फळ्यापेक्षा दूध संस्थेच्या फळ्यावर जास्त वाचली जाते. सचिवाला सांगून चार दिवस आधी तिथे लिहा.

यंत्रमागाच्या भागात बहुतेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात आणि पाळी आलटून-पालटून येते. तिथे एकच सभा दोनदा घ्या: एकदा सकाळी साडेआठला, रात्रपाळी सुटलेल्यांसाठी, आणि एकदा त्याच दिवशी रात्री साडेआठला. विषय तोच, निर्णय दोन्ही सभा झाल्यावर. सकाळच्या सभेतल्या माणसाला झोप आलेली असते, म्हणून ती अर्ध्या तासात संपवा. एमआयडीसीच्या खोल्यांत राहणाऱ्यांसाठी कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरा. ती सुट्टी रविवारीच असेल असं गृहीत धरू नका, विचारा.

डोंगरी तालुक्यांत, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड इथे, भाताची रोपलावण सुरू असताना सभा ठेवली तर ती रिकामी जाणार. जूनमध्ये शाळा सुरू होताच एक घ्या, पुढची गणपतीआधी.

आठवडी बाजाराचा दिवस टाळायचा. जोतिबाची चैत्र यात्रा, नवरात्र, गावचा उरूस आणि मार्गशीर्षात सौंदत्तीला जाणाऱ्यांचे दिवस टाळायचे. रमजानमध्ये संध्याकाळची सभा नको. रोजा सोडण्याची वेळ, मग नमाज, त्यात ती बाई येऊ शकत नाही. त्या महिन्यात सकाळी दहा ते अकरा ठीक पडतं, शुक्रवार दुपार मात्र सोडून. शिरोळ-हातकणंगले भागात बरीच जैन कुटुंबं सूर्यास्तापूर्वी जेवतात. तिथे रात्रीच्या सभेत खाण्याचा कार्यक्रम ठेवला तर ती माणसं अवघडून बसतात. चहापान हवंच असेल तर ते पाचच्या सभेला ठेवा. या सगळ्या तारखा जूनमध्येच एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवल्या की वर्षभर आठवावं लागत नाही.

जागेचंही तसंच. मंदिराचा सभामंडप, तालमीचा हॉल, एखाद्या पुढाऱ्याचा वाडा या जागा मोठ्या आणि फुकट मिळतात, पण गावातलं कुणीतरी तिथे पाय ठेवत नाही. कारण जातीचं असेल, भावकीचं असेल, गेल्या निवडणुकीचं असेल. शाळेचं अंगण सगळ्यांना सारखं. दूरच्या वाडीसाठी मात्र वर्षातून दोन सभा शाळेने वाडीत नेऊन घ्याव्यात, अंगणवाडीच्या ओट्यावर बसून. आजी-आजोबा आणि अपंग पालकही येतात, म्हणून शाळेतल्या रॅम्पचा उतार बघून घ्या. एक फूट चढायचं तर रॅम्प बारा फूट लांब हवा. त्याहून उभा असला तर तो फक्त तपासणीत दाखवायला उरतो.

निरोप

मुलाच्या हातची चिठ्ठी दप्तरात राहते. व्हॉट्सअॅप ग्रुपवरची सूचना वडिलांच्या फोनवर येते आणि वडील कामावर असतात. बऱ्याच पालकांना मजकूर वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं. म्हणून निरोप आवाजात पाठवा. चाळीस सेकंदांपेक्षा लांब नको, आणि आवाज मुलांच्या वर्गशिक्षकाचाच असावा. असा:

"नमस्कार ताई, दादा. विद्यामंदिरातनं बोलतोय. मंगळवारी रात्री साडेआठला शाळेच्या अंगणात बसायचं आहे. दोनच गोष्टी आहेत. पावसाळ्यात ओढ्यावरनं पोरं कशी येणार, आणि तिसरीच्या पोरांचं वाचन. वर्गणीचा विषय नाही. नऊ वीसला उठायचं. बारक्यांना घेऊन आला तरी चालेल, त्यांना बघायला माणूस आहे."

वर्गणीचा विषय नाही, हे वाक्य आवर्जून घाला आणि मग खरोखरच तो विषय काढू नका. शाळेचं बोलावणं म्हणजे पैसे मागणार किंवा पोराची तक्रार सांगणार, हा समज घट्ट बसलेला असतो आणि तो दोन-तीन सभांनंतरच सैल होतो.

घरी कन्नड, हिंदी किंवा दखनी बोलणाऱ्या कुटुंबांसाठी तोच निरोप त्या भाषेत, त्याच वस्तीतल्या एखाद्या आईच्या आवाजात करून घ्या. सभेतही दुभाषी म्हणून एक पालक ठरवा आणि त्या गटाशेजारी बसवा. मुलाकडून त्याच्याच अभ्यासाबद्दल भाषांतर करून घेऊ नका. मूल जे सांगायचं ते गाळतं, आणि आईला शिक्षकांपुढे आपल्या पोरावर अवलंबून राहावं लागतं, ते तिला लागतं.

ग्रुपवर एक नियम पहिल्या दिवसापासून ठेवा: शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष एवढेच लिहितील. सगळ्यांना लिहू दिलं की सुप्रभात, राजकारण आणि जाहिराती यांत शाळेची सूचना बुडते, आणि एका वादग्रस्त पोस्टवरून गावात भांडण लागायला वेळ लागत नाही. सभा असेल त्या दिवशी प्रत्येक वस्तीतल्या ठरलेल्या माणसाने दुपारी तोंडी आठवण करून द्यायची. या तोंडी आठवणीने जेवढी माणसं येतात तेवढी दुसऱ्या कशाने येत नाहीत.

सभेतली पन्नास मिनिटं

बाक मांडू नका. बाकांवर पुरुष बसतात, बायका दाराजवळ खाली बसतात आणि गोष्ट तिथेच संपते. सतरंज्या अंथरून गोल बसवा, शिक्षकही खालीच. हार, नारळ, सत्कार, पाहुण्यांची भाषणं या सभेत नकोत. सत्काराला वेगळा दिवस द्या, तोही मानाने करा. पण रात्री साडेआठला दमून आलेल्या बाईची वीस मिनिटं भाषणात गेली तर ती पुढच्या वेळी येणार नाही.

पहिली पाच मिनिटं मागच्या सभेत काय ठरलं होतं आणि त्याचं काय झालं यासाठी. नंतर एक प्रश्न मांडायचा आणि पालकांचे सहा-सात जणांचे गट करायचे. गट वस्तीप्रमाणे करा, बायकांचे वेगळे गट करायला संकोच नको. मोठ्या सभेत माईकसमोर जी बाई एक शब्द बोलत नाही ती सहा जणींत अचूक सांगते: मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, बोअरचं पाणी सुटीत बंद होतं, पाचवीतली मोठी पोरं वाटेत त्रास देतात. पंधरा मिनिटांनी प्रत्येक गटातल्या एकाने एकच मुद्दा सांगायचा आणि शिक्षकाने तो सगळ्यांसमोर फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहायचा. प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या ठरावीक भाषेत लगेच बदलू नका. माणसाला आपलं वाक्य फळ्यावर दिसलं पाहिजे.

प्रश्नही नेमका हवा. "शाळेबद्दल काही सूचना?" असं विचारलं की सगळं छान आहे असं उत्तर येतं. "सकाळी पोर घरातून निघण्यापासून परत येईपर्यंत तुम्हाला कशाची काळजी वाटते?" असं विचारा, मग बोलणं थांबत नाही.

कुणाच्याही मुलाचे गुण किंवा गैरहजेरी सभेत वाचू नका. त्यासाठी एकेका पालकाशी सात मिनिटं वेगळं बोलायचं असतं. तीस मुलांच्या वर्गाला हे साडेतीन तासांचं काम आहे, म्हणून दोन दिवसांत वाटून घ्या आणि प्रत्येकाला वेळ आधी कळवा. बोलणं सुरू करताना मुलाला काय येतं ते आधी दाखवा, त्याची वही समोर उघडून. मग अडतंय कुठे ते. मग घरात रोज दहा मिनिटं करता येईल अशी एक गोष्ट. निरक्षर आईलाही करता येईल अशी हवी: पोराने वाचलेलं ऐकायचं, बाजाराचा हिशोब त्याच्याकडून करून घ्यायचा.

समितीतल्या जागा

शाळा व्यवस्थापन समिती कागदावर सगळीकडे आहे. कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. महाराष्ट्रात समिती 12 ते 16 जणांची असते, अध्यक्ष पालकांतून निवडतात, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात, दर महिन्याला बैठक होते आणि दोन वर्षांनी समिती नव्याने करायची असते.

अडतं ते निवडीच्या दिवशी. सभा कमी भरते, हजर असलेल्या चार-पाच घरांतली नावं सुचवली जातात, टाळ्या होतात. नाव बाईचं आणि बैठकीला नवरा, हेही सर्रास चालतं. हे टाळायचं तर जागा सभेआधीच वस्त्यांना वाटून जाहीर करा. समजा पट 180 आहे आणि समिती 16 जणांची, म्हणजे पालकांच्या जागा 12. पंधरा मुलांमागे एक जागा पडते. गावठाणातली 90 मुलं असतील तर 6 जागा, मळ्यांतली 45 असतील तर 3, कारखान्याच्या खोल्यांतली 30 असतील तर 2, धनगरवाड्यावरची 15 असतील तर 1. हा हिशोब मोठ्या अक्षरात आठ दिवस आधी शाळेत, दूध संस्थेत आणि रेशन दुकानात लावा. त्यात वर्गांचंही प्रतिनिधित्व येतंय ना ते पाहा, नाहीतर सगळे सदस्य सातवीचे पालक निघतात आणि जूनमध्ये समिती रिकामी होते.

मग प्रत्येक वस्तीच्या पालकांनी आपापल्यात बसून नाव ठरवायचं. सोळांत आठ स्त्रिया हव्यात, म्हणून एकापेक्षा जास्त जागा असलेल्या वस्तीने निम्म्या जागा बायकांना द्याव्यात आणि एकच जागा असलेल्या वस्तीला शक्यतो बाईचंच नाव सुचवायला सांगावं. वस्तीतून नाव येत नसेल तर जागा दुसऱ्यांना देऊन टाकू नका. तिथे जाऊन बसा आणि अडचण विचारा. बहुतेक वेळा ती बैठकीच्या वेळेची असते.

निवड झाल्यावर पहिल्या महिन्यात सदस्यांना दोन तास द्या. शाळेत कोणतं अनुदान कशासाठी येतं, किती येतं, खर्चाची पावती कशी असते, हे प्रत्यक्ष कॅशबुक उघडून दाखवा. हिशोब बघितलेला सदस्य गावात शाळेच्या बाजूने बोलतो. सही करण्यापुरता बोलावलेला सदस्य तक्रार करतो आणि त्याचं चुकत नाही.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि तोही समितीनेच करायचा असतो. डिसेंबर संपायच्या आत तो लिहून झाला पाहिजे. मागण्या मात्र त्याआधीच तयार हव्यात. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ठरतो त्या ग्रामसभेत शाळेची मागणी गेली नाही तर संरक्षक भिंत किंवा पाण्याची टाकी आणखी एक वर्ष लांबते. 2 ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभेला समितीच्या चार सदस्यांनी जावं, त्यात दोन बायका असाव्यात, आणि मागणी तोंडी न ठेवता लेखी देऊन पोच घ्यावी.

ऊस हंगामातली मुलं

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने सुरू झाले की बीड, जालना अशा जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडूनही ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या खोपी, म्हणजे झोपड्या, गावाबाहेर पडतात. ही मुलं सहा महिन्यांसाठी आपल्याच शाळेची आहेत. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं.

टोळी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात खोपींवर जा. सकाळी जाऊन उपयोग नाही, माणसं पहाटेच फडावर गेलेली असतात. संध्याकाळी जा, मुकादमाला आधी भेटा, मग प्रत्येक खोपीत. मुलांच्या गावच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाने नव्या शाळेत दाखवायचं पत्र) दिलं असेल तर ते मागा. नसेल तर त्या शाळेचं आणि तालुक्याचं नाव विचारून मुख्याध्यापकांना फोन करा, म्हणजे मूल तिकडच्या पटावरही राहतं आणि इकडेही शिकतं. नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला खोपीवर थांबते, हे नेहमीचं आहे. तिच्याशी आणि आईशी बोलून धाकट्याला अंगणवाडीत घातल्याशिवाय मुलगी शाळेत येणार नाही, म्हणून अंगणवाडी सेविकेला बरोबर न्या. जाताना मार्च-एप्रिलमध्ये मुलाच्या हातात प्रगतीची नोंद आणि हमी पत्रक द्या, शिक्का-सहीसह.

समितीत या पालकांना दोन वर्षांची जागा देऊन भागत नाही. हंगामापुरतं टोळीतल्या एका आईला निमंत्रित म्हणून बोलवा.

घरभेट

दोघांनी जायचं, त्यात एक बाई असावी. आदल्या दिवशी कळवायचं. वीस मिनिटं. फोटो काढायचा नाही, फॉर्म भरायचा नाही. घरभेटीचा फोटो ग्रुपवर टाकण्याची सवय लागली आहे, ती सोडा. कुणाच्या घराची भिंत कशी आहे हे गावाला दाखवायला आपण गेलेलो नसतो. दिलेलं पाणी-चहा घ्या. कोल्हापुरात कोण कुणाच्या घरचा चहा घेतो हे अजूनही पाहिलं जातं.

ताटापासून ओळख

शाळेत आत येण्याचं सर्वात सोपं निमित्त पोषण आहार आहे. दर दिवशी दोन आया, ठरलेल्या यादीप्रमाणे, वस्त्या फिरवून. त्यांनी फक्त चव बघून सही करायची नाही. तांदूळ समोर मोजायचा: पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. प्राथमिकची 60 मुलं हजर असतील तर काट्यावर 6 किलो यायला हवेत. ठरलेलं पोषणमूल्य प्राथमिकला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम. हा आकडा स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवा. अंडं न खाणाऱ्या घरातल्या मुलाला केळं, आणि दोन्ही एकाच पंगतीत, वेगळं न बसवता. पंगत कशी बसते हे आयांना दिसू द्या. आपलं पोर कुणाच्या शेजारी बसून काय जेवतं हे बघितलेली आई शाळेला परकी राहत नाही.

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठीचा शाळापूर्व तयारी मेळावा आणि त्यातून होणारे माता गट हेही असंच दार आहे. गट पाच-सहा जणींचे, शेजारणींचे करा. पट पाहून केलेले गट एकदाही जमत नाहीत.

वर्गणी

लोकसहभाग म्हणजे वर्गणी, असं समीकरण होऊ देऊ नका. देणगी ऐच्छिक, पावती त्याच दिवशी, रक्कम समितीच्या खात्यात, वस्तू आली तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत. देणाऱ्यांची नावं रकमेच्या क्रमाने भिंतीवर रंगवू नका. ज्याने दोन दिवस अंगमेहनत दिली त्याचं नाव त्या यादीत कुठेच येत नाही आणि पुढच्या वेळी तो येत नाही.

पूर

2019 आणि 2021 च्या पुरांनी एक गोष्ट पक्की केली: नदीकाठच्या गावांत शाळा हीच निवाऱ्याची जागा असते किंवा शाळाच पाण्यात असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट आहे. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं इथल्या शाळांनी मे महिन्यातच प्रत्येक मुलामागे दुसरा नंबर घ्यावा, पूर आल्यावर कुटुंब ज्या पाहुण्यांकडे जाणार त्यांचा. जनरल रजिस्टर आणि सेवापुस्तकं वरच्या मजल्यावर किंवा केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या गटाची मुख्य शाळा) हलवण्याची तारीख पाण्यावर सोडू नका, इशारा पातळीला ठरवून टाका. पाणी उतरल्यावर पहिला फोन पुस्तकं-दप्तरं वाहून गेलेल्यांच्या घरी. त्या दिवसांत शाळा कशी वागली हे गाव वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं.

केंद्र, तालुका, जिल्हा

शाळेने ऐकून घेतलेलं वर पोचलं नाही तर सगळं वाया जातं. शाळेच्या फाटकाजवळ तीन रकान्यांचा फळा करा: झालं, चाललंय, होणार नाही. तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा, आणि त्यात कारण लिहायचं. "नवी खोली यंदा नाही, मंजुरी आलेली नाही" असं स्पष्ट लिहिलेलं लोक समजून घेतात. गप्प बसणं समजून घेत नाहीत. केंद्रप्रमुखांनी महिन्याच्या शिक्षण परिषदेत सगळ्या शाळांचा मधला रकाना वाचावा. एकच मुद्दा पाच शाळांत असेल, समजा वाडीवरून येणाऱ्या मुलींना एसटीची वेळ जुळत नाही, तर तो एकेका शाळेने न मांडता गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आगाराकडे न्यावा. शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीने तेच करावं.

जिल्ह्याने शाळांकडून सह्यांचे आकडे आणि फोटो मागणं कमी करावं, हे आमचं ठाम मत आहे. फोटो मागितला की सभा फोटोसाठी होते. त्याऐवजी दोनच प्रश्न विचारावेत: वर्षभर न आलेल्या घरांची यादी किती कमी झाली, आणि फळ्यावरची किती कामं पहिल्या रकान्यात गेली. भाषेच्या बाबतीतही मदत वरूनच व्हायला हवी. कन्नड किंवा उर्दूतल्या सूचनांचा मजकूर प्रत्येक शाळेने वेगळा करण्यापेक्षा जिल्ह्यातल्या त्या माध्यमांच्या शिक्षकांकडून एकदाच करून घेऊन सगळ्यांना द्यावा.

बदली झाल्यावर

जिल्हा परिषदेत बदल्या होत राहणार. मुख्याध्यापक गेले की कोणत्या वस्तीत कुणाशी बोलायचं, कोणत्या घरी आईच्या फोनवरच निरोप द्यायचा, हे सगळं त्यांच्याबरोबर जातं. म्हणून कार्यभार देताना किल्ल्या आणि साठा रजिस्टरबरोबर एक फाईल द्यायची. तिच्यात वस्त्यांचा तक्ता, सभेच्या वेळा आणि टाळायच्या तारखांचा कागद, न आलेल्या घरांची चालू यादी, फळ्याचा ताजा फोटो आणि लोकांना दिलेला पण अजून न पाळलेला प्रत्येक शब्द, तारखेसह. नव्या मुख्याध्यापकांना पहिल्या पंधरवड्यात समितीतल्या त्या त्या वस्तीच्या सदस्यांनी स्वतः बरोबर घेऊन फिरवावं, आणि त्या फेरीची सुरुवात सर्वात लांबच्या वाडीपासून करावी.